गणिताच्या तासाला संगणकीय विचार: संगणक नसलेल्या वर्गात काय करता येईल?

खडूफळा

नमस्कार मंडळी. मी नाशिक जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीचा जोडवर्ग घेते. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचार शिकवायचा. तेव्हापासून आमच्या शिक्षण परिषदेत आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच चर्चा आहे, संगणक आणायचे कुठून? शाळेतला आहे तो एकच, आणि तोही माहिती भरण्यात गुंतलेला.

माझं म्हणणं असं की प्राथमिकला संगणकाची वाट बघत बसायची गरजच नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्येही संगणकीय विचाराचा उल्लेख गणिताच्या जोडीने येतो. सुरुवातीच्या इयत्तांपासून, कोड्यांतून आणि खेळांतून तो यावा असं तिथे म्हटलं आहे. प्रत्यक्ष कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यावर ठेवलं आहे. म्हणजे आपल्याकडून अपेक्षा आहे ती गणिताच्या तासाची. संगणकीय विचार म्हणजे काम छोट्या पायऱ्यांत मोडायचं, त्या पायऱ्या दुसऱ्याला न विचारता करता येतील इतक्या स्पष्ट लिहायच्या, परत परत काय घडतंय ते हेरायचं, आणि कुठे बिघडलं ते शोधून नियम दुरुस्त करायचा. हे सगळं हातच्याच्या वजाबाकीत बसतं. कसं, ते सविस्तर लिहिते.

त्यासाठी मी संख्यांचा एक खेळ घेते. तो मांडणारे दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर आपल्यापैकीच. जन्म १९०५, डहाणूचा. देवळालीला आयुष्यभर शाळामास्तर होते, पदव्युत्तर पदवी नव्हती, आणि १९४९ मध्ये त्यांनी ६१७४ ही संख्या जगापुढे मांडली. चार अंकी संख्या घ्या (सगळे अंक सारखे नकोत), अंक उतरत्या क्रमाने मांडा, मग चढत्या क्रमाने मांडा, मोठीतून लहान वजा करा, आणि उत्तरावर पुन्हा तेच करा. जास्तीत जास्त सात वेळा करावं लागतं, ६१७४ येतातच. चौथीच्या मुलांना चार अंकी जड जातं, म्हणून मी तीन अंकी घेते. तिथे ४९५ येतात.

फळ्यावर मी एवढंच लिहिलं:

१. तीन अंकी संख्या घे.
२. तिचे अंक मोठ्याकडून लहानाकडे लिही.
३. तेच अंक लहानाकडून मोठ्याकडे लिही.
४. वजा कर.
५. उत्तर घेऊन पुन्हा पायरी २ वर जा.

एकाने ३५२ घेतले. ५३२ − २३५ = २९७. मग ९७२ − २७९ = ६९३. मग ९६३ − ३६९ = ५९४. मग ९५४ − ४५९ = ४९५. पुन्हा ९५४ − ४५९, पुन्हा ४९५. तो आज्ञाधारक पोरगा पान भरेपर्यंत ४९५ काढत बसला, कारण थांब असं कुठे लिहिलंच नव्हतं! दुसऱ्या एकाने ४४४ घेतले आणि पहिल्याच फटक्यात शून्य. एका मुलीने २११ घेतले: २११ − ११२ = ९९. पुढे तिने पायऱ्यांप्रमाणेच ९९ − ९९ केलं आणि तिचंही शून्य. शेजारचा म्हणाला, ‘तुझं चुकलं.’ तिने वजाबाकी दोनदा तपासली. बरोबर होती. ‘बाई, मी फळ्यावरचंच केलं,’ असं ती ठामपणे म्हणाली, आणि तिचं अगदी खरं होतं.

मग सगळे फळ्यापाशी. चूक मुलीची नाही, फळ्यावरच्या नियमांत काहीतरी राहिलंय, एवढं एकदा मान्य झालं की वर्गाचा रंग बदलतो. मुलांनी स्वतःच दुरुस्त्या सांगितल्या. पायरी १ मध्ये ‘तिन्ही अंक सारखे नकोत’. पायरी ४ मध्ये ‘उत्तर तीन घरांत लिही, शतकाचं घर रिकामं राहिलं तर तिथे शून्य मांड’. पायरी ५ मध्ये ‘आधीचंच उत्तर परत आलं तर थांब’. मग त्या मुलीने ०९९ धरून पुन्हा केलं: ९९० − ०९९ = ८९१, नंतर ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५.

शून्याला जागा धरण्यापुरती किंमत असते हे मी स्थानिक किमतीच्या धड्यात किती वेळा सांगते! त्या दिवशी ते मुलांच्या गरजेतून आलं. तुमच्याकडे कोणी असं काही करतंय का? अनुभव लिहा.

---

भीमाकाठ

मॅडम, लिहिलंय छान, पण मला थोडं स्पष्ट बोलायचं आहे. माझी द्विशिक्षकी शाळा. पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. चौथीतल्या निम्म्या पोरांना हातचा अजून जमत नाही. ऊसतोडीच्या हंगामात पटावरची किती पोरं वर्गात असतील ते सांगता येत नाही. त्यात निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाच्या चाचण्या, त्यांची ऑनलाइन नोंद, फोटो. आता वर संगणकीय विचार. उद्या त्याचंही प्रशिक्षण, त्याची लिंक, त्याचा अहवाल. मूल गणितात मागे आहे ते सरावाअभावी. आधी सराव, मग विचार, असं माझं मत आहे.

आणि ज्यांनी हे आधी केलं त्यांना काय मिळालं? गणित सुधारतं याचा पुरावा आहे का कोणाकडे?

---

रेडिंगची_राधा

भीमाकाठ सर, पुराव्याचं मी सांगू शकते, कारण माझी दोन्ही मुलं इथे इंग्लंडमध्ये सरकारी प्राथमिक शाळेत शिकली.

इथे सप्टेंबर २०१४ पासून आयसीटी हा माहिती-तंत्रज्ञानाचा जुना विषय जाऊन कम्प्युटिंग आला. पाच ते सात वर्षांच्या मुलांना अल्गोरिदम (काम करायच्या क्रमवार पायऱ्या) म्हणजे काय ते कळलं पाहिजे असं अभ्यासक्रमातच लिहिलं आहे. माझी धाकटी पहिल्या वर्षी जमिनीवर चालणारा, पाठीवर बाणांची बटणं असलेला छोटा रोबो घेऊन बसायची. आधी कागदावर बाण काढायचे, मग बटणं दाबायची, मग चुकलं की कागदावरचा नेमका कुठला बाण बदलायचा ते शोधायचं.

पण गणिताचा पुरावा सरसकट नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने स्क्रॅचमॅथ्स नावाचा प्रकल्प नऊ ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी केला. स्क्रॅच या मुलांसाठीच्या कोडिंगच्या भाषेत कोड करत करत गणित शिकायचं, अशी योजना. शंभराहून जास्त शाळांत त्याची शिस्तीत चाचणी झाली आणि २०१८ मध्ये अहवाल आला. पहिल्या वर्षाअखेर मुलांचा संगणकीय विचार सुधारला होता, गरीब घरांतल्या मुलांचा तर अधिकच. प्राथमिकच्या शेवटच्या गणित परीक्षेत मात्र फरक दिसला नाही.

त्याच इंग्लंडमध्ये शाळेच्या चौथ्या वर्षातल्या, म्हणजे आठ-नऊ वर्षांच्या मुलांची पाढ्यांची सक्तीची परीक्षा असते. पंचवीस प्रश्न, प्रत्येकाला सहा सेकंद. म्हणजे सरावाला इथेही कोणी सुट्टी दिलेली नाही. तुमचं म्हणणं मला पटतं.

---

भीमाकाठ

धन्यवाद ताई. हेच म्हणत होतो.

---

खडूफळा

राधाताई, ही माहिती फार मोलाची. भीमाकाठ सर, तुमची अडचण माझ्याच वर्गातली आहे, जोडवर्ग मीही घेते. वेगळा तास, वेगळी वही, वेगळा अहवाल असं काही आलं तर मीही विरोधच करीन.

पण या उपक्रमात सराव किती झाला तो बघा. तीन अंकी कापरेकर मांडणीत प्रत्येक वजाबाकीला दोनदा हातचा घ्यावा लागतो. एकही सुटत नाही. कारण अंक उतरते लावल्यावर एककात सर्वांत लहान अंक येतो आणि त्याच्याखाली सर्वांत मोठा, म्हणजे उसनं घेणं आलंच. दशकात वर-खाली तोच अंक असतो, पण त्याच्याकडून एक आधीच गेलेला, म्हणून त्यालाही शतकाकडे जावं लागतं. त्यामुळे दशकात नेहमी ९ उरतात. उत्तरं बघा: २९७, ६९३, ५९४, ४९५. मधे नऊच. हे मुलांना सांगायचं नाही, त्यांना दिसू द्यायचं. माझ्याकडे ते तिसरीतल्या मुलाला दिसलं, जो चौथीचं काम नुसता बघत बसला होता.

आणि तपासायला मी लागत नाही. मधल्या उत्तरात ९ नाही म्हणजे कुठेतरी हातचा चुकला, हे मूल स्वतःच धरतं. जोडवर्गात एका वर्गाला असं स्वतःला तपासत चालणारं काम लावता आलं तर दुसऱ्या वर्गाला शांतपणे शिकवता येतं. चाळीस सुट्या वजाबाक्या फळ्यावर लिहून दिल्या तर त्या तपासायच्या कोणी?

---

कोडकर_पुणे

मी आयटीत आहे, शिक्षक नाही. पण २११ चं उदाहरण वाचून राहवलं नाही. आमच्या कामात अशाच टोकाच्या केसेस सुटतात. रिकामी जागा, शून्य, सगळं सारखं. नवीन आलेल्या इंजिनिअरला ही नजर यायला वेळ लागतो, आणि इथे चौथीतली मुलगी ‘मी लिहिलेलंच केलं’ म्हणते. तिला माझा नमस्कार सांगा.

एक सुचवू का? आमच्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक कामाच्या निधीतून टॅब्लेट देता येतील. त्यावर स्क्रॅच चालतं. हाच खेळ मुलं त्यावर बनवू शकतील.

---

मोजपट्टी

कोडकर, मदतीची भावना मनापासून आवडली. पण टॅब्लेट आधी आला की तास त्याचाच होतो: चार्जिंग, पासवर्ड, कोणाच्या हातात किती वेळ. मी रत्नागिरीकडे पाचवी ते सातवीला गणित शिकवतो. टॅब्लेट सहावीनंतर खुशाल द्या. त्याआधी मैदान पुरतं.

सिमोर पेपर्ट आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये मुलांसाठी लोगो ही भाषा बनवली. त्यात कासवाला ‘पुढे जा’, ‘वळ’ अशा आज्ञा द्यायच्या आणि ते चालत चालत आकृती काढायचं. मी कासवाच्या जागी मूलच उभं करतो. नियम असा की कासवाने स्वतःचं डोकं वापरायचं नाही, सांगितलं तेवढंच करायचं.

चौरस सगळ्यांना जमतो. ‘पाच पावलं पुढे, उजवीकडे काटकोनात वळ’ असं चार वेळा. लवकरच कोणीतरी म्हणतं, सर, चार वेळा कशाला लिहायचं, ‘हे चारदा कर’ लिहू या. तिथे पुनरावृत्तीचा धडा झाला.

खरी मजा समभुज त्रिकोणात. पाचही गट ठामपणे लिहितात, ‘पाच पावलं पुढे, ६० अंश वळ, हे तीनदा कर.’ का, तर समभुज त्रिकोणाचा कोन ६०. अंशांसाठी मी मैदानावर चुन्याचं वर्तुळ काढून दर ३० अंशांवर खूण केलेली असते, कासव वळायचं ते त्या वर्तुळाकडे बघून. कासव निघतं, आणि तीन बाजू झाल्या तरी घरी पोचतच नाही. तोंड भलतीकडे आणि मधे मोठी फट. ‘कासव चुकलं’ म्हणून दुसरं कासव आणतात. तेही तिथेच जातं.

मग एखादी मुलगी वळणाच्या जागी जाऊन उभी राहते, हात समोर धरते आणि हळूहळू फिरते. त्रिकोणाच्या आतला कोन ६० असला तरी चालणाऱ्याला सरळ जायची दिशा सोडून १२० वळावं लागतं, हे तिला अंगाने कळतं. १८० वजा ६०. सातवीत बाह्यकोन शिकवताना मी फक्त म्हणतो, ‘ते कासव आठवतंय?’ पुढचं ती सांगतात. चौरसात चार वेळा ९०, त्रिकोणात तीन वेळा १२०, षटकोनात सहा वेळा ६०. एक फेरी मारून घरी आलं की वळणांची बेरीज ३६०, हे मी कधीच लिहून दिलेलं नाही.

भीमाकाठ सर, पुराव्याबद्दल तुम्ही विचारलंत ते योग्यच आहे. माझ्याकडे मार्कांचा पुरावा नाही. एवढं सांगू शकतो की चूक झाल्यावर वही झाकून घेणारी मुलं मैदानावर ‘कुठे बिघडलं बघू’ म्हणून स्वतः पुढे येतात. मला त्यासाठी हे करावंसं वाटतं.

---

अबोली७७

वाचनखूण साठवली. उद्याच मैदानावर नेते पोरांना.

---

सेवानिवृत्त_गुरुजी

चर्चा मनापासून वाचतो आहे. शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्तेच्या पेपरला संख्यामालिका, सांकेतिक भाषा हे आपण वर्षानुवर्षं करून घेत आलो. हे त्याहून निराळं काय, असा प्रश्न पडला होता. मोजपट्टी सरांचं वाचून उत्तर मिळालं. तिथे चार पर्यायांतलं एक वर्तुळ रंगवायचं आणि पुढे जायचं. नियम कोणता सापडला ते मुलाला शब्दांत मांडावं लागत नाही. इथे मांडावं लागतं, आणि दुसऱ्याने तो पाळून दाखवावा लागतो. मराठी लेखनाचाही हा उत्तम अभ्यास आहे, भाषेच्या शिक्षकांनी लक्ष द्यावं.

नव्या शिक्षकांसाठी अजून एक. बेब्रास नावाची संगणकीय विचाराची स्पर्धा २००४ मध्ये लिथुआनियात सुरू झाली, आता अनेक देशांत होते. आपल्याकडे एसीएम इंडिया या संगणकतज्ज्ञांच्या संघटनेच्या सीएसपाठशाला उपक्रमातून ती घेतली जाते आणि प्रश्न मराठीतही असतात. मागचे प्रश्न काढून पाहावेत. कोडिंग येण्याची अट नाही, चित्रं बघून विचार करायचा.

कापरेकरांचंच हर्षद संख्यांचं कामही चौथीला चालेल. अंकांची बेरीज करा, त्या बेरजेने संख्येला भागा, बाकी शून्य आली तर संख्या हर्षद. १८ ला नऊने भाग जातो, म्हणून ती हर्षद. १९ ची बेरीज दहा, भाग जात नाही. शंभरच्या तक्त्यात रंग भरायला द्या. भागाकाराचा सराव होतो आणि ‘असं असेल तर हे कर, नसेल तर ते कर’ हा फाटाही मुलांच्या हाताखालून जातो.

---

कोडकर_पुणे

मोजपट्टी सर, पटलं. टॅब्लेट राहू द्या. मी शनिवारी रात्री ३ अंकी प्रकार कागदावर मांडून पाहिला आणि एक गोष्ट सापडली, बाईंना उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

मधल्या अंकाला काहीच काम नाही! वजाबाकीचं उत्तर फक्त सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांच्या फरकावर ठरतं. फरक गुणिले ९९. ५३२ मध्ये फरक ३, उत्तर २९७. ८६५ घ्या, फरक ३, उत्तर पुन्हा २९७. म्हणजे मुलांनी कुठलीही संख्या घेतली तरी शक्यता फक्त नऊ: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. प्रत्येकीचा पुढचा मुक्काम बाणाने दाखवला की सगळे बाण ४९५ वर येतात. फरक ५ असेल तर एकाच वजाबाकीत, फरक १ असेल तर सर्वांत लांब, सहा वजाबाक्या. २११ घेणाऱ्या मुलीने सर्वांत लांबचा रस्ता पकडला होता.

---

खडूफळा

कोडकर, हे मी वर्गात नक्की घेणार! पण सांगून टाकणार नाही. प्रत्येकाने घेतलेली संख्या आणि लागलेल्या पायऱ्या असा तक्ता भिंतीवर लावीन. सारख्या पायऱ्यांच्या संख्या शेजारी शेजारी आल्या की पाचवीत जायच्या आत कोणीतरी फरकापर्यंत पोचेल. नाही पोचलं तर ‘मधला अंक बदलून बघा’ एवढाच इशारा.

गुरुजी, हर्षदचा तक्ता पुढच्या आठवड्यात.

---

भीमाकाठ

मॅडम, आज चौथीला लावून पाहिलं. वर्गात निम्मीच पोरं होती. ज्यांना हातचा येत नाही ती अडलीच, त्यांना दशकांचे दांडे नि सुटे घेऊन परत बसवावं लागलं. तेव्हा आधी सराव हे माझं मत मी सोडलेलं नाही. पण ज्यांना अर्धवट येत होतं त्यांनी मात्र कधी नव्हे एवढ्या वजाबाक्या केल्या, आणि मधे नऊ आले नाहीत म्हणून दोघांनी आपापली चूक स्वतः काढली. हे मला कबूल करायला हवं.

वेगळा तास आणि अहवाल नको, या अटीवर मी तुमच्याबरोबर आहे. आमच्या केंद्रप्रमुखांपुढेही हेच मांडणार आहे: प्रशिक्षण द्यायचं तर गणिताच्या प्रशिक्षणातच द्या, पाठ्यपुस्तकातल्या घटकाला धरून द्या.

एक विचारायचं होतं. आमच्या दुसरीच्या बाईंना हेच हवं आहे. दोन अंकी संख्या घेऊन जमेल का? तिथे कुठली संख्या येते?

---

खडूफळा

सर, दांडे-सुट्यांवर परत बसवलंत ते योग्यच केलंत. त्या मुलांना पायऱ्या लिहायला लावायच्या तर त्या दांडे मोडण्याच्या लिहायला लावा: ‘एककात कमी पडलं, एक दांडा सोड, दहा सुटे कर.’ मीही तेच करते.

दोन अंकीला जमतं, पण तिथे मुक्काम नाही, फेरा आहे. ३१ घ्या. ३१ − १३ = १८. ८१ − १८ = ६३. ६३ − ३६ = २७. ७२ − २७ = ४५. ५४ − ४५ = ०९. इथेही शून्य मांडायचंच, नाहीतर अडेल. ९० − ०९ = ८१. ८१ − १८ = ६३, आणि हे ६३ तर येऊन गेलेले. ६३, २७, ४५, ०९, ८१ आणि पुन्हा ६३. कुठलेही दोन वेगळे अंक घ्या, मुलं या पाच जणांच्या फेऱ्यात शिरतात. बाईंना सांगा, जमिनीवर पाच गोल आखून त्यात हे पाच आकडे लिहायचे आणि मुलांना उड्या मारत फिरवायचं. कोण कुठून आत शिरलं ते खडूने लिहून ठेवायचं.

आणि एक बघा. आपला ‘आधीचंच उत्तर परत आलं तर थांब’ हा नियम इथे चालत नाही, कारण लगेच आधीचं उत्तर कधीच परत येत नाही. बाईंनी तो मुद्दाम तसाच फळ्यावर लिहावा. दुसरीची मुलं काय दुरुस्ती सुचवतात ते इथे नक्की कळवा.